दोन खटके

आईचा फोन आला तेव्हा दर्शना कुबल पुण्याच्या प्रयोगशाळेचा जिना चढत होती. आई नेहमी आधी जेवणाचं विचारायची, मग थंडीचं. त्या दिवशी तिने दोन्हींतलं काहीच विचारलं नाही.

"गो, तुजो बापूस वायरलेसवर इलो," ती म्हणाली.

दर्शनाने कठडा धरला. "कधी?"

"परवा, दिवेलागणीक. काल परत. माका वाटला, माजेच कान वाजतत. म्हणान काल सिद्धेशाक बाजूक बसवलंय. त्येणांय आयकल्यान. दोन खटके. मी दोनदा दाबलंय, तसो तो गप्प झालो. मगे थोड्या वेळान परत दोन." आई जरा थांबली. "भटजीक सांगलंय, बुधवारचा ऱ्हवांदे. जित्या माणसाचे दिवस कोण करता?"

सगुण कुबल नौका घेऊन आडबंदरातून बाहेर पडला, त्याला सात वर्षं झाली होती. बरोबर लवू मेथर हा एकच खलाशी होता. वादळाचा इशारा उशिरा आला. बाकीच्या नौका परतल्या, ही आली नाही. नौकेचं फळकूटही कुठे लागलं नाही. लवूच्या बायकोने, हेमाने, वर्षभर वाट पाहिली, मग त्याचे दिवस केले, गळ्यातलं काढून ठेवलं आणि सुक्या मासळीच्या कामाला लागली. दर्शनाच्या आईने, इंदूने, यातलं काहीच केलं नाही. यंदा कुठे ती कबूल झाली होती, तीही दर्शनाच्या भावाच्या, सिद्धेशच्या, लग्नामुळे. पत्रिका छापायची तर बापाच्या नावाआधी 'कै.' घालायचं की नाही, यावर मुलीकडची माणसं तीनदा अडखळली, तेव्हा आई म्हणाली, "घाला." देह सापडलेला नाही, म्हणून पळसाच्या पानांची आकृती करून तिला बुधवारी अग्नी द्यायचा, असं ठरलं होतं.

आणि शनिवारी खटके वाजले.

खटक्यांची रीत आडबंदराची. वायरलेसवर बोललेलं सगळं बंदर ऐकतं. बांगडा कुठे लागला हे एकाने सांगितलं की तासाभरात तिथे दहा नौका. म्हणून आडबंदरची माणसं वायरलेसवर बोलतच नसत. नुसतं माइकचं बटण दाबत. इकडे दाबलं की ऐकणाऱ्याच्या सेटमध्ये 'खट्' वाजे. दिवेलागणीला समुद्रावरून दोन खटके आले म्हणजे सगळं बरं आहे. घरातून दोन खटके गेले म्हणजे इकडेही बरं आहे. पहिले खटके नौकेचे, घराने फक्त उत्तर द्यायचं. घराने आधी दाबलं तर बाहेरचा माणूस धरून चालायचा, की घरी काही झालं. प्रत्येक घराचा चॅनेल ठरलेला.

"दोनच कशाक?" दर्शनाने लहानपणी विचारलं होतं.

"एक चुकान लागता," बाप म्हणाला होता. "कोपर लागता, लाट बसता. दोनदा लागला म्हणजे थंय माणूस आसा."

आता नौकांवर उपग्रहाचे फोन आले होते. जुने सेट लोकांनी भंगारात काढले. आई मात्र दर आठवड्याला बॅटरी भरून आणायची. क्षीण खटकाही सुटू नये म्हणून सेटचं खरखर दाबायचं बटण ती किंचित सैल ठेवी, त्यामुळे घरात सदा बारीक खरखर असे. सिद्धेश त्या खरखरीत अभ्यास करून मोठा झाला होता.

जिन्यावर उभ्या उभ्या दर्शनाला हे सगळं आठवलं आणि तिच्या छातीत काहीतरी उसळलं. ते काय आहे हे तिला लगेच कळलं. आई एकटीच वाट पाहत नव्हती.

ती धावत वर गेली.

तिचं काम रेडिओच्या लहरींचं. लहरींच्या जागा मर्यादित असतात आणि त्या कोणाकोणाच्या नावे लावून दिलेल्या असतात. पण मोजून पाहिलं तर बहुतेक जागा बहुतेक वेळ रिकाम्या असतात. दर्शना नव्या माणसाला हे एस.टी.च्या उदाहरणाने सांगायची. राखीव जागेचा मालक पुढच्या थांब्यावर चढणार असेल तर तोवर दुसऱ्याने बसावं, मालक आला की मुकाट उठावं. तिच्या गटाने बनवलेली यंत्रं हेच करत. आधी कानोसा घेत. त्या चॅनेलवर किती ऊर्जा आहे ते मोजत. ठरवलेल्या उंबरठ्याच्या खाली असेल तर पडद्यावर शब्द उमटे, 'मोकळा', आणि यंत्र तिथे आपलं काम सुरू करी. मालकाचा बारीकसा आवाज आला तरी तत्क्षणी गप्प होऊन जागा सोडी, अर्धं मिनिट थांबे, पुन्हा कानोसा घेई.

यात चुका दोनच होऊ शकतात. कोणी नसताना 'आहे' म्हणणं, आणि कोणी असताना 'नाही' म्हणणं. उंबरठा खाली आणला तर पहिली चूक वाढते, वर नेला तर दुसरी. दोन्ही एकदम टाळता येत नाहीत. दर्शनाने उंबरठा इतका खाली ठेवला होता की तिचा सहकारी सोमण वैतागायचा. "अगं, तुझी यंत्रं भित्री आहेत. कुठे मोटारीची ठिणगी उडली तरी हातपाय गाळतात. बसायला शिकव त्यांना!" ती ऐकायची नाही. असणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, एवढं तिने पक्कं केलेलं होतं. का, ते सोमणने कधी विचारलं नव्हतं.

किनाऱ्यावरची चाचणी शनिवारीच सुरू झाली होती; ती रोज दिवेलागणीपासून पुढे चाले. एक यंत्र आडबंदरच्या बर्फ कारखान्याच्या टाकीवर बसवलं होतं. चॅनेलवर काय काय ऐकू आलं याची नोंद ते ठेवत असे. आईच्या चॅनेलची शनिवार-रविवारची नोंद तिने मागवली. ती उघडायला संगणकाला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ सगुण कुबल जिवंत होता.

मग पडद्यावर रेघ उमटली. बाहेरून आलेलं काही नव्हतं. आईने बटण दाबल्याच्या दोन ठळक खुणा होत्या. आणि त्यांच्या आधी आणि नंतर, ठरलेल्या अंतराने, यंत्राची स्वतःची साद होती. जागा मोकळी वाटली की हे यंत्र आपल्या जोडीदार यंत्राला हाक घाली, 'मी इथे आहे, इकडे ये.' जुन्या सेटमध्ये ती कशी वाजेल याचा विचार तिने कधी केला नव्हता. आता केला. खट्. खट्.

हाक दोन ठोक्यांची ठेवायची हे तिनेच ठरवलं होतं. दोन वर्षांपूर्वी, बैठकीत. "दोनच का?" सोमणने विचारलं होतं. "एक ठोका चुकून येऊ शकतो," ती म्हणाली होती. "दोन आले म्हणजे तिथे कोणीतरी आहे." सगळ्यांनी माना हलवल्या होत्या आणि ते पुढच्या मुद्द्याकडे वळले होते. हे वाक्य कुठून आलं ते तेव्हा तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. चाचणीआधी महिनाभर त्या चॅनेलचा कानोसा घेतला होता. आकडा तिने ओळखला होता, तो घरचाच चॅनेल होता. अहवालात 'मोकळा' असं आलं तेव्हा तिने तो शब्द दोनदा वाचला, पण सही केली, कारण तो मोकळाच होता. आई रोज संध्याकाळी त्या चॅनेलपाशी बसायची, पण नौकेच्या आधी घराने दाबायचं नसतं, म्हणून सात वर्षांत तिने बटणाला हात लावला नव्हता. यंत्राला बोलणारी माणसं कळतात. जे नुसतं ऐकत बसलंय, ते कोणत्याही यंत्राला सापडत नाही.

दुपारच्या गाडीत ती बसली.

मंगळवारी सकाळी ती घरी पोचली. अंगणात आई सुके बोंबील निवडत होती. केसांत अबोलीचा वळेसर होता. दर्शनाने तो सात वर्षांत पाहिला नव्हता.

"इलंस? बरा झाला. आज तुयाय आयक," आई म्हणाली. "हात जरा बदललो हा त्येचो. पयलो लांब आणि दुसरो आखूड दाबायचो, आता दोनय सारखेच. खंय तरी पडलो आसतलो, हाताक लागला आसतला. आणि मी दाबलंय की गप्प ऱ्हवता, मगे सवडीन उत्तर देता. ता मात्र पयल्यासारखाच. तुजो बापूस कधी लगेच उत्तर द्यायचो?"

ती हसली. दर्शनाने हातपाय धुवायचं निमित्त केलं आणि विहिरीकडे गेली. तिथे सिद्धेश उभा होता.

"तायडे, खरा सांग," तो हळूच म्हणाला. "ता तुज्या टाकीवरच्या डब्याचा आसा काय?"

तिने होकारार्थी मान हलवली.

त्याने बादली विहिरीत सोडली आणि दोर तसाच हातात धरून राहिला. "मी डिझेल भरून ठेवलंय," तो म्हणाला. "उद्या बापाशीक सोधूक भायर जातलो होतंय. वारो सुटलो हा, तरी जातलो होतंय." मग त्याने बादली वर ओढली. ती अर्धीच भरली होती. "आवशीक तू सांग. माका जमाचा नाय."

दिवेलागणीला अंगणात वाडीतली पंधरा-वीस माणसं जमली. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आईने सेट बाहेरच्या पायरीवर आणून ठेवला होता. खरखर चालू होती. कुंपणाशी, माणसांपासून जरा लांब, हेमा मेथर उभी होती.

खट्. खट्.

म्हातारा पराडकर हात जोडून काहीतरी पुटपुटला. आईने माइक उचलला आणि दोनदा दाबला. सेट गप्प झाला. दर्शना मनात मोजत होती. अर्धं मिनिट. खट्. खट्.

"तोच!" कोणीतरी म्हणालं.

तेव्हा हेमा पुढे आली. तिने पदराने हात पुसले. ते कोरडेच होते.

"वयनी," ती म्हणाली, "तुमचो आसा, तर माजोय आसतलो मां? एकाच होडयेत होते."

"आसतलो गो," आई म्हणाली. "नसाक काय झाला?"

"मी तर त्येचा सगळा करून बसलंय." हेमाचा हात आपोआप गळ्याशी गेला. "तो येतलो, तेवा आधी माज्या गळ्याकडे बगतलो. काय सांगू मी त्येका?"

आईने तिला जवळ ओढून पायरीवर बसवलं. दर्शनाने ठरवून टाकलं. आईपुरती गोष्ट असती तर तिला काय सुचलं असतं कोण जाणे. कदाचित तो चॅनेल तसाच ठेवला असता, रोज संध्याकाळी दोन खटके, आई जगेल तोवर. हा विचार गाडीत तिला आला होता, आणि फार गोड वाटला होता. पण हेमाने एकदा नवऱ्याला पोचवलं होतं. तिला त्याला पुन्हा पोचवायला लागणार होतं.

माणसं पांगल्यावर ती आईशेजारी बसली आणि तिने सांगितलं. टाकीवरचं यंत्र, त्याची हाक, जागा मोकळी दिसली की ते काय करतं, बटण दाबलं की का गप्प होतं. ती सावकाश, सोप्या शब्दांत सांगत होती. आई सेटकडे बघत होती.

"तुका ल्हानपणापासून सगळ्यात मशीनच दिसता," आई म्हणाली. "शिकलंस ना."

"आये, माज्याकडे त्येचा बटण आसा. मी बंद करतंय, तू बग."

दर्शनाने मांडीवरच्या टॅबलेटवर बोट टेकवलं. खटके थांबले. पुन्हा चालू केले, वाजले. पुन्हा बंद.

आईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "असा नको," ती म्हणाली. "माका सांगान करू नको. मी पाठ करून बसतंय. तुज्या मनात येयत तेवा बंद कर, मनात येयत तेवा चालू कर. मी वळखतंय. वळखूक नाय तर तो तुजो डबो नाय."

शास्त्राच्या हिशेबाने आईची चाचणी आपल्या चाचणीपेक्षा चांगली होती, हे दर्शनाला तशातही जाणवलं. आई पाठमोरी बसली. अबोलीचा वळेसर आता कोमेजला होता. दर्शना बटण दाबत राहिली, कधी पटकन, कधी पुष्कळ वेळ थांबून. टाकीवरच्या यंत्राची दुसरी कामं चालू असताना येणारी सूक्ष्म कुरकुरसुद्धा आईला कळत होती.

"आता बंद," आई म्हणायची. "अजून बंदच. आता चालू केलंस. आता परत बंद."

ती एकदाही चुकली नाही. तिच्या प्रत्येक बरोबर उत्तरानिशी सगुण कुबल थोडा थोडा लांब जात होता, आणि दोघींना ते कळत होतं. शेवटी आईने उत्तर देणं थांबवलं. दर्शनानेही बोट उचललं.

"माका आयकता तो डबो?" पाठमोऱ्या आईने विचारलं.

"आयकता. तू दाबलंस की तुज्यासाठी जागा सोडता."

"तुज्या बापाशीन कधी सोडल्यान नाय," आई म्हणाली. हसल्यासारखा आवाज निघाला आणि मधेच अडकला. मग तिने विचारलं, "दोनदा कोणी शिकयल्यान त्येका?"

"मी."

"आणि तुका?"

आई वळली. तिने लेकीचा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला, जशी बाजारात मासळी पारखायची तसा, आणि परत तिच्या मांडीवर ठेवला.

"मगे हात त्येचोच होतो," ती म्हणाली. "मी चुकूक नाय."

ती उठली, केसांतला वळेसर काढून तुळशीपाशी ठेवला, पायांत चपला घातल्या.

"खंय जातंस?"

"हेमल्याकडे. तिका मी सांगतंय, तू नको. भटजीक फोन कर. उद्याच करूया."

दर्शनाने भटजींना फोन केला. कुंपणापलीकडून हेमाच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आला.

बुधवारी सकाळी किनाऱ्यावर दर्भ आणि पळसाच्या पानांचा एक माणूस निजवला. डोक्याच्या जागी नारळ. भटजींनी सांगितलं तसं सिद्धेशने त्याच्यावर पाणी शिंपडलं. आईने आकृती नीट पाहिली आणि म्हणाली, "उजवो खांदो जरा खाली व्हयो. जाळी ओढून ओढून खाली इललो." भटजी थांबले. सिद्धेशने उजव्या खांद्याची पानं जरा खाली सरकवली. मग अग्नी दिला. पानं ओली होती, धूर फार झाला, म्हणून सगळ्यांनाच डोळे पुसता आले. हेमा आली होती. ती आईच्या मागे उभी राहिली आणि धूर विरेपर्यंत तिथून हलली नाही.

दिवेलागणीला घरात पाहुणे नव्हते. सिद्धेश डिझेलचे कॅन परत करायला गेला होता. आई चुलीपाशी होती. तिचा गळा मोकळा होता, आणि तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही दर्शनाचं लक्ष जात होतं.

ती सेटपाशी बसली. टॅबलेट उघडला. टाकीवरच्या यंत्राच्या यादीतून तिला तो चॅनेल काढून टाकायचा होता. कारण लिहायला एक रिकामी चौकट होती, त्यात तिने लिहिलं, 'या चॅनेलवर ऐकणारं माणूस आहे.' सोमण विचारेल, हे कोणत्या मापात मोजलंस. विचारू दे. तिने बटण दाबलं. यंत्र त्या जागेवरून उठलं. सेटमध्ये नुसती खरखर उरली, वादळानंतरच्या पहिल्या दिवसापासून होती तशीच.

आता त्या चॅनेलवर कोणीही नव्हतं, तिचं यंत्रसुद्धा नाही. तिला हे कोणापेक्षाही चांगलं ठाऊक होतं. तरी तिने माइक उचलला. त्याच्या बटणावरचा रंग एका बाजूने झिजला होता, आईच्या अंगठ्याएवढा.

तिने दोनदा दाबलं.

खरखर क्षणभर तुटली आणि पुन्हा सुरू झाली. तिने कान जवळ नेला. अर्धं मिनिट गेलं असेल, जास्तही. ती मोजत नव्हती.

आत भांड्याचा आवाज थांबला.

"कोण होता गो?" आईने विचारलं.

दर्शनाची यंत्रं हे उत्तर दिवसातून हजारो वेळा देत, आणि त्यांना ते देताना काहीच वाटत नसे.

"कोणी नाय, आये," ती म्हणाली.

आई दारात आली. तिने हात पुसत सेटकडे पाहिलं.

"मगे बंद कर ता," ती म्हणाली. "उगाच बॅटरी उतारता."